‘थोडंसंच वाढलंय’ म्हणून सोडू नका: हृदयविकाराचे धोके मोजताना या चुका टाळा

रक्तदाब, साखर, चरबी, पोटाचा घेर ही मंडळी सहसा जोडीनेच येतात. रिपोर्ट मात्र ओळी-ओळीने वाचला जातो आणि गफलत तिथेच होते.

सुटे आकडे बघणं. समजा, एका पुरुषाची उपाशीपोटी साखर १०८, रक्तदाब १३४/८६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) २४०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४ आणि कंबर ९६ सेंमी आहे. यातलं एकही घाबरवणारं नाही. पण हे धोके एकत्र येतात त्या अवस्थेच्या, म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोमच्या मर्यादा अशा: साखर १००, रक्तदाब १३०/८५, ट्रायग्लिसराइड १५० किंवा त्याहून जास्त, एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा, स्त्रियांत ५० पेक्षा कमी, दक्षिण आशियाई पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंमी किंवा अधिक. पाचांपैकी तीन पुरेसे असतात, इथे पाचही आहेत. मुळाशी बहुधा पोटातली चरबी आणि इन्सुलिनला दाद न देणारं शरीर असतं. त्यामुळे नुसती रक्तदाबाची गोळी सुरू केली की बाकीचे चार आकडे जागच्या जागीच राहतात.

नुसत्या एलडीएलवर (‘वाईट’ कोलेस्टेरॉलवर) विसंबणं. याच माणसाचं एकूण कोलेस्टेरॉल १९०, एलडीएल १०८. वरवर ठीक. आता १९० मधून एचडीएलचे ३४ वजा करा: नॉन-एचडीएल १५६, म्हणजे जास्तच. धमन्यांत साचणारी सगळी चरबी यात येते, आणि त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर सूत्राने काढलेलं एलडीएल धरूच नये.

स्त्रियांना पुरुषांची पट्टी लावणं. रिपोर्टात दोघांना एकच मर्यादा छापली असेल, तर स्त्रीचं ४५ एचडीएल ‘नॉर्मल’ दिसतं. गरोदरपणातला मधुमेह किंवा वाढलेला रक्तदाब बाळंतपणानंतर उतरतो, म्हणून कुणी सांगत नाही. पुढच्या धोक्याची ती आगाऊ सूचना असते. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. पाळी गेल्यावर एलडीएल आणि पोटाचा घेर बरोबरच वाढतात, तेव्हा जुन्या रिपोर्टवर भरवसा नको. मधुमेह झाला की हृदयविकाराचा धोका स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त पटींनी वाढतो. ‘बायकांना हार्टचा त्रास उशिरा होतो’ हा दिलासा मग उरत नाही.

दहा वर्षांच्या स्कोअरवर निर्धास्त होणं. पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराची शक्यता किती, हे तो सांगतो; पण त्यात वयाचा भार फार असतो. पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाचे तीन-चार धोके एकत्र असूनही आकडा लहानच येतो. अशा वेळी आयुष्यभराचा धोका विचारा.

मोजमापातली घाई. कंबर पँटच्या पट्ट्यावर मोजू नका, तो पोटाखाली सरकलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. रक्तदाबाआधी अर्धा तास चहा-कॉफी-तंबाखू नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीत. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खोटाच जास्त येतो. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.