प्रकल्पावर किंवा आराखड्यावर हरकत घेताय? या चुका टाळा

हरकत रास्त असूनही फेटाळली जाते, कारण अर्जात शब्द चुकीचा पडतो. शब्द चुकला की कायदा चुकतो, कार्यालय चुकतं आणि मुदत हातची जाते.

सर्वांत मोठा गोंधळ ‘पर्यावरण मंजुरी’ आणि ‘संमती’ यांचा. मंजुरी २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेखाली मिळते. ‘अ’ वर्गातल्या प्रकल्पांना ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालय देतं, ‘ब’ वर्गातल्यांना राज्याचं प्राधिकरण. संमती देतं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा यांच्या आधारे. आधी उभारणीची, मग चालवण्याची. मंजुरीआधीची जनसुनावणी हेच मंडळ भरवतं, म्हणून ‘मंजुरी नाकारा’ असा अर्जही लोक फक्त मंडळाला देऊन थांबतात. मंडळ इतिवृत्त पुढे पाठवतं, निर्णय मात्र मंजुरी देणाऱ्याचा असतो. अर्जाची प्रत तिकडेही गेलीच पाहिजे.

जनसुनावणी म्हणजे ग्रामसभा नव्हे. तिला गणपूर्तीची अट नाही आणि तिथे मतदान होत नाही. गावाने बहिष्कार टाकला तरी कागदावर सुनावणी झालेली असते. सूचना निघाल्यापासून किमान ३० दिवस मिळतात; त्यात मसुदा ईआयए अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयातून किंवा पंचायतीतून मिळवा. मराठी सारांशावर भागवू नका. खरी गफलत मूळ अहवालातल्या आधारभूत माहितीत सापडते: पाण्याचे नमुने कोणत्या विहिरीचे, कोणत्या महिन्यातले? अभ्यासक्षेत्रातला ओढा, शाळा, वस्ती नकाशावर आहे का? पान क्रमांकासह मुद्दा लेखी द्या आणि पोच घ्या. सुनावणीत आलेल्या हरकतींची दखल अंतिम अहवालात घ्यावीच लागते. नुसत्या ‘आमचा विरोध आहे’ला उत्तर द्यायला काही उरत नाही. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात, तोवर उठू नका.

‘ब’ वर्गातल्या ‘ब-२’ या उपवर्गात मात्र सुनावणी नसते, म्हणून आधी वर्ग तपासा. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस, सबळ कारण असेल तर फार तर आणखी ६०. त्यानंतर विलंब माफ होत नाही.

जमिनीच्या बाबतीत पहिली चूक सातबाऱ्यावरून झोन ठरवण्याची. ‘जिरायत’ म्हणजे ग्रीन झोन (शेतीसाठी राखलेला पट्टा) असं नाही. झोन प्रादेशिक योजनेत किंवा विकास योजनेत ठरतो. त्यासाठी नियोजन प्राधिकरणाकडून किंवा नगररचना कार्यालयाकडून झोन दाखला घ्या.

प्रारूप विकास योजनेवर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ (पुढची कलमंही याचीच) च्या कलम २६ खाली हरकतीला ३० दिवस असतात (मुंबईत ६०). इथे विद्यमान जमीन वापराचा नकाशा आणि प्रस्तावित वापराचा नकाशा यांची सरमिसळ होते. जागेवर असलेला नाला पहिल्या नकाशात सुटला असेल, तर प्रस्तावित रस्त्याविरुद्ध भावनिक अर्ज करण्याऐवजी ती चूक दाखवा, गट क्रमांक लिहा आणि भूमी अभिलेखचा गाव नकाशा जोडा. योजना मंजूर झाल्यावर बदल कलम ३७ च्या फेरबदलाने होतो. त्याच्या हरकतीला एकच महिना मिळतो, तेव्हा राजपत्रावर लक्ष ठेवा.

‘आरक्षण’ म्हणजे ‘संपादन’ नव्हे. आरक्षण पडलं तरी मालकी तुमचीच राहते. अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर कलम १२७ ची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. दहा वर्षं झाली की ते आपोआप उठतं असं समजून नोटीस न देता बसलेल्यांची वर्षं फुकट जातात.

‘इको सेन्सिटिव्ह’ (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) क्षेत्र म्हणजे सरसकट बंदी, हाही गैरसमज. माथेरान, महाबळेश्वर-पाचगणी यांच्या अधिसूचना वेगवेगळ्या आहेत. बंदी कशावर आणि परवानगीने काय चालतं, हे त्या त्या अधिसूचनेत पाहा. पश्चिम घाटाची ३१ जुलै २०२४ ची अधिसूचना तर मसुदा होती. मसुद्याला अंतिम म्हणून दाखला दिलात, तर समोरचा वकील सुरुवात तिथूनच करेल.

किनाऱ्यावर सीआरझेडचं (किनारपट्टी नियमन क्षेत्राचं) अंतर वाळूच्या कडेपासून मोजू नका. ते भरती रेषेपासून धरतात. ती रेषा मंजूर सीआरझेड नकाशावर दाखवलेली असते, अर्जाला त्याच नकाशाची प्रत जोडा.