नवा दोन क्रेडिटचा कोर्स: आधी तास मोजा, मग सिलॅबस लिहा

स्वायत्त महाविद्यालयात नवा कोर्स विद्या परिषदेत क्वचितच अडतो. वेळापत्रक लावताना किंवा प्रयोगशाळेच्या ओट्यावर मात्र हमखास अडतो. त्यामुळे मसुदा लिहायला बसण्याआधी कॅल्क्युलेटर घ्या.

रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ‘माती परीक्षण’ हा 2 क्रेडिटचा व्हीएससी, म्हणजे मेजरशी जोडलेला व्यावसायिक कौशल्याचा कोर्स सुरू करायचा आहे, असं धरू. थिअरीचं एक क्रेडिट 15 तासांचं, प्रॅक्टिकलचं 30 तासांचं. हा कोर्स पूर्ण प्रॅक्टिकलचा, म्हणजे एकूण 60 तास, 15 आठवड्यांत दर आठवड्याला 4. मसुद्यात सर्रास 30 तास पडतात आणि ती चूक कोर्स मंजूर झाल्यावर लक्षात येते. विद्यार्थी 40 असले तर 20-20 च्या दोन बॅचेस, म्हणजे शिकवणाऱ्याचा वर्कलोड आठवड्याला 8 तास. तो कोण घेणार, की तासिका तत्त्वावर माणूस लागणार, हे प्राचार्यांकडून लेखी घेऊन ठेवा. तोंडी ‘बघू’वर कोर्स उभा करू नका.

कोर्स दुसऱ्या सेमिस्टरला टाका. जुलै-ऑगस्टमध्ये रान ओलं असतं, खतंही नुकतीच पडलेली असतात. तेव्हाच्या नमुन्यावरून जमिनीचा अंदाज घेण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बी निघाली की रान मोकळं मिळतं. आणखी एक: कागदावरचे 15 आठवडे हातात पडेपर्यंत 12 होतात. नवे प्रयोग 12 आठवड्यांत बसवा. उरलेले 12 तास शेतभेट, फसलेले प्रयोग परत करणं आणि जर्नल यांसाठी ठेवा.

आता आवाका. मृदा आरोग्य पत्रिकेवर 12 घटक असतात, म्हणून सगळे 12 सिलॅबसमध्ये घ्यायचा मोह होतो. जस्त, लोह, तांबं, मँगनीज यांना सहसा अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनचं उपकरण लागतं; ते नसेल तर हे घटक सरळ वगळा. सामू (pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कार्बन) आणि ऑल्सेन पद्धतीने उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस), एवढं पुरे. आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींना ऑल्सेनच योग्य.

सेंद्रिय कर्बाचा प्रयोग नीट बघा, कारण खर्च आणि वेळ दोन्ही तिथेच जातात. वॉक्ली-ब्लॅक पद्धतीत 1 ग्रॅम मातीला 1 नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट 10 मिली आणि संहत सल्फ्युरिक आम्ल 20 मिली लागतं. मग 30 मिनिटं थांबायचं, पाणी घालायचं आणि फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन नमुने आणि एक ब्लँक, म्हणजे माती न घालता तोच प्रयोग, केला तर 40 जणांना 2400 मिली आम्ल. म्हणजे अडीच लिटरची बाटली एका प्रॅक्टिकलला जवळपास रिकामी! जोड्या लावा आणि बॅचला एकच ब्लँक ठेवा. मग 840 मिलीत भागतं, ब्युरेटही एका वेळी 20 ऐवजी 10 पुरतात.

हा प्रयोग 2 तासांच्या तुकड्यात घाईचा होतो. वेळापत्रक समितीकडे सलग 4 तास मागा. आम्ल घातल्यावर फ्लास्क थंड फरशीवर ठेवला तर उष्णता निघून जाते, ऑक्सिडेशन अर्धवट राहतं आणि कर्ब कमी दिसतो. द्रावण लगेच हिरवं पडलं तर डायक्रोमेट संपलं असं समजा; माती अर्धा ग्रॅम घेऊन पुन्हा करा. उरलेलं क्रोमियमचं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. वेगळा कॅन आणि त्याच्या विल्हेवाटीचा खर्च अंदाजपत्रकात दाखवा, कारण हा खर्च नंतर कोणी देत नाही.

मग कोर्स आउटकम्स लिहा, तीन किंवा चार. ‘मातीचे महत्त्व समजते’ याची परीक्षा कशी घेणार? ‘शेतातून प्रातिनिधिक नमुना घेऊन तो अर्ध्या किलोपर्यंत कमी करतो’, ‘माती आणि पाण्याच्या 1:2.5 प्रमाणातल्या द्रावणाचा सामू मोजतो’ असं लिहिलं की गुण कशाला द्यायचे ते आपोआप ठरतं.

अभ्यास मंडळाच्या बैठकीत बाहेरचे विषयतज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेले तज्ज्ञ, उद्योग क्षेत्रातली व्यक्ती आणि माजी विद्यार्थी असतात. मसुदा त्यांना आठ-दहा दिवस आधी पाठवा, सोबत जुन्या कोर्सेसशी कुठे पुनरावृत्ती होते त्याचा एक पानी तक्ता. भूगोल किंवा वनस्पतिशास्त्राच्या पेपरात हाच भाग आधीपासून असू शकतो. इतिवृत्तात नाव, कोड, सेमिस्टर, क्रेडिट, तास, गुणविभागणी आणि कोणत्या वर्षी प्रवेश घेतलेल्या बॅचपासून लागू, हे सगळं लिहा. ‘पुढील वर्षापासून’ असा मोघम ठराव झाला की जुन्या बॅचच्या रिपीटर्सवरून वाद ठरलेला.

विद्या परिषदेची मंजुरी मिळाली की त्याच आठवड्यात परीक्षा विभागात जा. निकालाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड किंवा क्रेडिट चुकलं तर तीच चूक विद्यार्थ्याच्या एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यापर्यंत जाते, आणि दुरुस्तीसाठी फेऱ्या तुम्हालाच.

एटीकेटीची, म्हणजे नापास झालेल्यांची पुन्हा होणारी प्रॅक्टिकल परीक्षा पावसाळ्यात आली तर कोरडी माती मिळणार नाही. मार्चमध्येच पाचेक किलो माती सावलीत वाळवून, चाळून, गाव आणि तारखेचं लेबल लावून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा.