अंडी घटली? औषधाची पुडी फोडण्याआधी हे करा

लेयर म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये दोन-तीन दिवसांत उत्पादन पाच-सहा टक्क्यांनी उतरलं की हात आधी अँटिबायोटिककडे जातो. घट जिवाणूंमुळे नसेल तर त्या औषधाने अंडी वाढत नाहीत. कोंबडीच्या आतड्यातले औषधाला बळी पडणारे जिवाणू तेवढे मरतात, दाद न देणारे उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात.

पहिल्या दिवशी शेड तपासा. वॉटर मीटर आणि खाद्याची नोंद काढा. साधारण हवामानात लेयर कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते आणि २०० ते २५० मिली पाणी पिते. पाणी एकदम कमी झालं असेल तर निपल (पाण्याच्या पाइपवरच्या, चोचीने दाबून प्यायच्या तोट्या) तुंबलेत का, टाकी तापली आहे का ते बघा. प्रकाशाचे तास कमी झाले का, टायमर बंद पडला का, खाद्याचा नवा लॉट कधी सुरू झाला, हेही तपासा. अमोनियाने डोळे चुरचुरत असतील तर आधी हवा खेळती करा. अमोनियाने श्वासनलिकेचं अस्तर सोलवटतं आणि ई. कोलाय या जिवाणूला वाट मिळते.

मग अंडी बघा. पातळ कवचाची, बिनकवचाची, फिकी पडलेली अंडी आणि पक्षी मात्र ठणठणीत, तर एग ड्रॉप सिंड्रोमचा संशय घ्या. सुरकुतलेलं, वेडंवाकडं कवच आणि पाण्यासारखा पातळ पांढरा बलक असेल तर इन्फेक्शस ब्राँकायटिस. माना वाकड्या होणं, हिरवी हगवण, मर वाढणं ही मानमोडीची (राणीखेत) लक्षणं. तिन्ही विषाणूजन्य आहेत, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. अर्थात नुसत्या डोळ्यांनी निदान पक्कं होत नाही.

औषधाआधी नमुना. औषध न दिलेले, नुकतेच मेलेले किंवा आजारी असे तीन ते पाच पक्षी पशुवैद्यकाकडे न्या. यकृत, हृदय किंवा अस्थिमज्जेतून घेतलेल्या नमुन्यावर जिवाणू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते तपासतात. याला दोन ते चार दिवस लागतात. औषध सुरू केल्यावर घेतलेल्या नमुन्यात अनेकदा जिवाणू वाढतच नाहीत आणि रिपोर्ट फसवा येऊ शकतो. एन्रोफ्लॉक्सासिन आणि कोलिस्टिन यांच्या वर्गांतली औषधं माणसांच्या गंभीर आजारांत लागतात, ती स्वतःहून देऊच नका; कोंबड्यांसाठी कोलिस्टिन विकायला तर भारतात २०१९ पासून बंदीच आहे. कोलिस्टिनला न जुमानण्याचा गुण एका जिवाणूतून दुसऱ्यात नेणारं एमसीआर-१ हे जनुक २०१५ मध्ये चीनमधून नोंदवलं गेलं.

डोस वजनावर काढा, लिटरवर नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. समजा २,००० पक्षी आहेत, सरासरी वजन १.६ किलो, म्हणजे एकूण ३,२०० किलो. पशुवैद्यकाने किलोला २० मिलिग्रॅम सांगितलं तर दिवसाला ६४ ग्रॅम शुद्ध औषध लागेल. पावडर ५० टक्क्यांची असेल तर १२८ ग्रॅम. नेहमीच्या ५०० लिटर पाण्याच्या हिशेबाने तुम्ही लिटरमागे प्रमाण ठरवलंत आणि आजारी पक्षी ३५० लिटरच प्यायले, तर सुमारे ३० टक्के डोस कमी पडला. अर्धवट डोसात चिवट जिवाणू तग धरतात. म्हणून आदल्या दिवशीचा मीटर बघून तेवढ्याच पाण्यात दिवसाचं औषध बसवा. द्रावण शेवटच्या निपलपर्यंत पोचलं का, हे रंग मिसळून पाहता येतं.

ऑक्सिटेट्रासायक्लिन देताना आणखी एक गोम आहे. लेयर खाद्यात सुमारे ४ टक्के कॅल्शियम असतं आणि हे औषध कॅल्शियमला चिकटतं, त्यामुळे रक्तात कमी पोचतं. मग ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून मात्रा दुप्पट केली जाते. तसं करण्याऐवजी पर्याय विचारा.

पक्षी दुसऱ्या दिवशी तरतरीत दिसले म्हणून कोर्स मध्येच सोडू नका. पण ठरलेल्या दिवसांपलीकडेही ताणू नका.

अंडी कधी विकायची? लेबलवर अंड्यांसाठी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. ‘अंडी देणाऱ्या पक्ष्यांसाठी नाही’ असं लिहिलं असेल तर ते देऊच नका. पिवळा बलक दहाएक दिवस भरत असतो, त्यामुळे औषध बंद केल्यावरही त्याचा अंश पुढच्या अंड्यांत उतरू शकतो.

पाण्याची लाईन धुवा. शेवटच्या निपलजवळ पाइप उघडून आत कापूस फिरवा. बुळबुळीत लागला तर जिवाणूंचा थर बसलाय. जीवनसत्त्वं आणि औषधांमधली साखर तो वाढवते, आणि थराच्या आतले जिवाणू साध्या क्लोरीनला जुमानत नाहीत. शेड रिकामी असताना पाइप धुण्यासाठीचं हायड्रोजन पेरॉक्साइड लेबलप्रमाणे भरून ठेवा, मग जोरात पाणी सोडून लाईन धुऊन काढा. पक्षी असताना शेवटच्या निपलला मुक्त क्लोरीन ३ ते ५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) ठेवा. पाण्याचा पीएच ८ च्या वर असेल तर क्लोरीन फारसं काम करत नाही, आधी तो खाली आणा. पाण्यातून जिवंत लस देण्याआधी मात्र दोन-तीन दिवस क्लोरीन बंद ठेवा.