होस्टिंगची जागा आणि बँडविड्थ ठरवताना या चुका टाळा

होस्टिंग म्हणजे वेबसाइटसाठी सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा. ती घेताना बरेच छोटे व्यावसायिक थेट प्लॅनचा तक्ता उघडतात. १० जीबी, ५० जीबी, 'अनलिमिटेड' असे रकाने दिसतात, मधला निवडला की काम झालं असं वाटतं. खरं तर आकडा आपल्याच फाइलींमधून काढायचा असतो. तो काढायला बसलं की लगेच लक्षात येतं, वेबसाइट स्वतः फारशी जागा घेतच नाही. जागा खातात तिच्या आजूबाजूच्या गोष्टी.

ईमेल हिशेबात न धरणे

सगळ्यात जास्त नडते ती ही चूक. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकच सर्व्हर अनेक साइट वापरतात तिथे, ईमेलही बहुधा त्याच डिस्क कोट्यात मोजलं जातं. आयमॅप या पद्धतीने मेल वाचत असाल तर इनबॉक्स, सेंट, ट्रॅश, स्पॅम असं सगळं सर्व्हरवरच साठतं. त्यात अटॅचमेंट पाठवताना तिचं एन्कोडिंग होतं आणि आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो, म्हणजे ९ एमबीची पीडीएफ मेलबॉक्समध्ये १२ एमबी होऊन बसते. पाच जणांचे मेलबॉक्स, प्रत्येकी २ जीबी धरले तरी १० जीबी झाले.

जागा संपली की वेबसाइट बरेचदा उघडी दिसत राहते, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. पण बाहेरून येणारे मेल परत जाऊ लागतात. ग्राहकाने चौकशी केलेली असते, उत्तर येत नाही म्हणून तो दुसरीकडे जातो आणि आपल्याला त्याचं नावही कळत नाही. व्यवसायाचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, म्हणून हिशेबाची सुरुवात मेलपासूनच करा.

मोबाइलचे फोटो तसेच चढवणे

समजा २०० उत्पादनं आहेत आणि प्रत्येकाचे चार फोटो. कॅमेऱ्यातून आलेला फोटो ५ एमबीचा असेल तर ८०० फोटोंचे ४ जीबी होतात. साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर असेल, तर ते प्रत्येक फोटोच्या लहानमोठ्या अनेक प्रती बनवतं. शिवाय २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपोआप लहान केला, तरी मूळ फाइल सर्व्हरवर ठेवतं. तेच फोटो चढवण्याआधी ३०० केबीपर्यंत आणले, तर मूळ फोटोंना पाव जीबीसुद्धा लागत नाही. पानही लवकर उघडतं.

बॅकअप त्याच डिस्कवर ठेवणे

दीड जीबीची साइट आणि दर आठवड्याला एक असे चार पूर्ण बॅकअप ठेवले, तर ६ जीबी गेले. बॅकअप तयार होताना तात्पुरती मोकळी जागाही लागते, ती वेगळीच. याहून वाईट म्हणजे जुन्या बॅकअपचा फोल्डर नव्या बॅकअपमध्ये जाणे. मग प्रत्येक प्रत आधीच्या सगळ्या प्रती पोटात घेऊन फुगत जाते. सेटिंगमध्ये तो फोल्डर वगळलाय का ते पाहा आणि प्रती दुसऱ्या ठिकाणी उतरवा. सर्व्हरच बंद पडला तर त्याच सर्व्हरवरचा बॅकअप हाताशी येणार नाही, हे तर आहेच.

बँडविड्थ अंदाजपंचे धरणे

होस्टिंगच्या प्लॅनमध्ये बँडविड्थ म्हणजे बहुधा महिन्याभरात सर्व्हरवरून होणारी एकूण डेटाची ने-आण. ती मोजता येते. ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कमध्ये कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या फाइली) बंद करा, पान पुन्हा लोड करा. खाली एकूण आकार दिसतो. पहिलं पान २.५ एमबी भरलं आणि कॅशे पुन्हा चालू करून पुढची दोन पानं प्रत्येकी १ एमबी, कारण लोगो, फॉन्ट वगैरे ब्राउझरने साठवलेले असतात, तर एका भेटीला ४.५ एमबी. महिन्याला ३,००० भेटी म्हणजे १३.५ जीबी.

हा आकडा दुप्पट करा. सर्च इंजिनचे आणि इतर बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, सतत पानं ओढत असतात. ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे भेटी मोजणाऱ्या साधनात, ते बहुतेक दिसत नाहीत, सर्व्हरच्या नोंदीत दिसतात. जाहिरात किंवा सेल सुरू असताना गर्दी वाढते, ती वेगळी. तरीही ३० जीबीत भागतं. साध्या व्यवसायाच्या साइटला बँडविड्थ क्वचितच कमी पडते. अपवाद व्हिडिओचा: ५० एमबीचा व्हिडिओ १,००० जणांनी पूर्ण पाहिला की ५० जीबी गेले. तो यूट्यूबसारख्या व्हिडिओ सेवेवर ठेवून पानात एम्बेड करा.

'अनलिमिटेड' वाचून निर्धास्त होणे

अटी उघडून वाचाच. सीपीयू, मेमरी, एका वेळी चालणाऱ्या प्रक्रिया आणि आयनोड म्हणजे फाइलींची संख्या, यांवर मर्यादा असते. हजारो बारीक कॅशे फाइली आणि जुने मेल मिळून आयनोड संपतात आणि जीबी शिल्लक असूनही फाइल चढत नाही. ५०८ ही एरर दिसली तर बहुधा सीपीयू किंवा प्रक्रियांची मर्यादा गाठलेली असते, तेव्हा जास्त जागा विकत घेऊन उपयोग नाही. ५०९ आली तर बँडविड्थ संपली.

डिस्क भरलीच तर

लॉगिन होत नाही, फोटो चढत नाहीत, ऑर्डर सेव्ह होत नाही, ही लक्षणं. कंट्रोल पॅनेलमधलं डिस्क युसेज उघडून मोठे फोल्डर शोधा. आधी मेलचा ट्रॅश आणि स्पॅम रिकामा करा, मग जुने बॅकअप उतरवून काढा, मग एरर लॉग, म्हणजे चुका नोंदवणारी फाइल, पाहा. एखादं बिघडलेलं प्लगइन (साइटला जोडलेलं जादा सॉफ्टवेअर) तोच इशारा पुन्हा पुन्हा लिहून ती फाइल जीबींमध्ये नेऊ शकतं. फाइल पुसून भागत नाही, प्लगइन दुरुस्त करावं लागतं. डेटाबेसच्या फाइलींना घाईत हात लावू नका.

नवा प्लॅन घेताना मेल, साइट आणि बॅकअप यांची बेरीज करून तिच्या दीडपट जागा धरा. पुढे वाढवायची झाली तर साइट न हलवता वरच्या प्लॅनवर जाता येतं का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. अनेक वर्षांचे पैसे एकदम भरणार असाल तर आधी नक्कीच.