डाळिंब न फोडता गोडी कशी मोजाल?

सोलापूरच्या भगव्या डाळिंबाची साल जाड, आणि खरी अडचण तिथेच आहे. नियर इन्फ्रारेड मीटर सालीवर टेकवलं की ७०० ते १,१०० नॅनोमीटरचा प्रकाश आत शिरून विखुरतो, थोडा परत येतो. पाणी ९७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जास्त शोषतं. साखर वाढली की या शोषणाचा आलेख किंचित बदलतो. मीटर त्यावरून ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या गोडीच्या मापाचा, फक्त अंदाज बांधतं, म्हणून आधी त्याला शिकवावं लागतं.

कच्ची, पिकलेली, लहान, मोठी अशी शंभरेक फळं घ्या. रात्रभर एकाच खोलीत ठेवा. उन्हात तापलेलं फळ आणि शीतगृहातलं फळ यांचं रीडिंग जुळत नाही, कारण तापमानाबरोबर पाण्याचा आलेखच सरकतो. मीटर पंधरा मिनिटं गरम होऊ द्या, पांढऱ्या टाइलवर शून्य करा. देठ आणि मुकुट टाळून फळाच्या मध्यावर, समोरासमोर दोन जागी रीडिंग घ्या. उन्हाने करपलेला डाग नको. टोकाला काळं फोम लावा, नाहीतर बाहेरचा उजेड घुसतो.

मग त्याच बाजूचे दाणे पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसाच्या थेंबावरून ब्रिक्स दाखवणाऱ्या यंत्रावर, खरं ब्रिक्स बघा. वीसेक फळं पडताळणीसाठी बाजूला राखा. ती शिकवणीत मिसळली तर आकडे फसवे सुंदर दिसतात.

बाग किंवा बहार बदलला की पुन्हा पडताळा. दाण्यातली कुज मात्र याने पकडायला जाऊ नका. त्यासाठी प्रकाश फळाच्या आरपार गेला पाहिजे, आणि तेवढा जोरदार दिवा हातातल्या यंत्रात नसतो.