मेहनती मुलाची वाचनाची गोडी कशी टिकवावी

सांगितलेलं काम मन लावून करणारं मूल पुस्तकही तसंच वाचतं. ठरलेली पानं संपवतं, विचारलं तर अर्थ सांगतं, पुस्तक जागेवर ठेवतं. बघणाऱ्याला समाधान वाटतं आणि गफलत नेमकी तिथेच होते. वाचायला शिकणं हे खरोखर कष्टाचं काम आहे, पण वाचन आवडणं कष्टाने येत नाही. या दोन्हींसाठी घरात एकच वेळ, एकच पुस्तक आणि एकच शाबासकी असेल, तर मूल वाचनाला गृहपाठाचा आणखी एक प्रकार समजतं. पुढे गृहपाठ संपला की वाचनही संपतं.

म्हणून सुरुवात फारकतीपासून करा: सराव वेगळा, मौज वेगळी. सरावाला रोज दहा ते पंधरा मिनिटं पुरतात. वेळ साधारण ठरलेली, आणि तुम्ही शेजारी बसलेले. मौजेच्या वाचनाला त्याहून जास्त वेळ, निदान वीस मिनिटं. तिथे पुस्तकही मुलाच्या पसंतीचं आणि जागाही. दोन्ही एकापाठोपाठ ठेवू नका, मध्ये खेळ येऊ द्या. एखाद्या दिवशी सराव राहिला, तर तो मौजेच्या वेळेतून वसूल करायचा नाही. हा नियम मोडला की मूल दोन दिवसांत ओळखतं की मौजेची वेळ ही खरं तर सरावाचीच राखीव वेळ आहे.

सराव कसा घ्यायचा

आधी उतारा बेताचा आहे ना, ते पाहा. शंभर शब्द मोजून घ्या आणि मुलाला मोठ्याने वाचू द्या. पाचपेक्षा कमी ठिकाणी अडलं, तर ते पुस्तक त्याने एकट्याने वाचायला ठीक आहे. पाच ते दहा ठिकाणी अडत असेल, तर तुमच्यासोबत सरावाला चांगलं. दहाच्या वर गेलं, तर पुस्तक बाजूला ठेवा. मेहनती मूल अशा पुस्तकाशीही झुंजत बसतं, तक्रार करत नाही. म्हणून हे मोजणं तुम्हीच करायला हवं. इतक्या ठिकाणी अडल्यावर वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत त्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते आणि हाती नुसते सुटे शब्द राहतात.

उतारा पन्नास ते दोनशे शब्दांचा घ्या आणि तोच तीन-चार वेळा वाचून घ्या. पुन्हा पुन्हा वाचून घेण्याची ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस. जे सॅम्युएल्स यांनी 1979 मध्ये मांडली. ती उपयोगी पडते, कारण पहिल्या वाचनात सगळी शक्ती अक्षरं सोडवण्यात जाते. तिसऱ्या वाचनात ती मोकळी होऊन अर्थाकडे वळते. वेग मोजलात तरी आकडा मुलाला सांगू नका. सांगितलात की ते शर्यत लावतं, विरामचिन्हं गिळतं आणि काय वाचलं ते त्यालाच कळत नाही.

एकट्याने वाचायला बिचकणाऱ्या मुलासोबत जोडीने वाचा. दोघांनी एका आवाजात, मुलाच्या वेगाने. आत्मविश्वास आला की त्याने टेबलावर टकटक करायची आणि तुम्ही गप्प व्हायचं. कुठे अडलं तर चार-पाच सेकंद थांबा. स्वतःहून जमलं नाही तर तो शब्द सांगा, त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या आणि पुढच्या टकटकीपर्यंत पुन्हा सोबत वाचा. चार-पाच सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला ते भलतेच लांब वाटतात. बहुतेक जण पहिल्याच सेकंदाला शब्द पुरवतात आणि मूल अडलं की आपल्या तोंडाकडे बघायला शिकतं.

प्रत्येक चुकीला अडवू नका. ‘गेले’ऐवजी ‘गेला’ वाचलं आणि अर्थ बिघडला नाही, तर वाक्य पूर्ण होऊ द्या. अर्थच फिरला असेल तर वाक्य संपल्यावर विचारा, ‘हे जुळतंय का?’ मुलाने स्वतःच मागे जाऊन चूक सुधारली, तर ती खूण हेरा. आपण वाचतोय ते समजतंय की नाही, याकडे त्याचं लक्ष आहे. अडखळत का होईना, पण असं वाचणारं मूल न अडखळता बिनअर्थाचं वाचणाऱ्या मुलाच्या पुढे असतं.

मराठी वाचताना घोटाळे ठरलेल्या जागी होतात, त्यामुळे मदतही नेमकी करता येते. ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते व्यंजनाच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. रफाराचं उलट: ‘सूर्य’मध्ये तो दिसतो ‘य’च्या डोक्यावर, पण ‘र’ ऐकू येतो आधी. त्यामुळे नवखं मूल ‘सूयर’ असं काहीतरी वाचतं. ‘चक्र’ आणि ‘ट्रक’मधला र आणखी वेगळा दिसतो आणि ‘दऱ्या’मधला त्याहून वेगळा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी लिहून दोन्ही मोठ्याने वाचून दाखवा, फरक कानाला लगेच कळतो. जोडाक्षरांचा क्रमही ठरवून घ्या. आधी पक्का, गप्पा, अण्णा असे एकाच अक्षराच्या जोडीचे शब्द, मग पुस्तक, मस्त असे अर्धं अक्षर स्पष्ट दिसणारे, नंतर र चे प्रकार, आणि सगळ्यांत शेवटी क्ष, ज्ञ, द्य, द्ध, ह्म, ज्यांचे मूळ भाग ओळखूच येत नाहीत.

दुसरी अडचण लांबलचक शब्दांची. ‘मित्रांबरोबरसुद्धा’ हा शब्द समोर आला की मूल पहिलं अक्षर पाहून अंदाज ठोकतं. बोटाने झाकून तुकडे दाखवा: मित्रां, बरोबर, सुद्धा. दहा-बारा शब्दांवर हे केलं की प्रत्यय सुटे दिसायला लागतात. च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार मात्र लिपीत दिसतच नाहीत. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला फरक कानावर पडूनच कळतो. मुलाला वाचता येऊ लागलं तरी त्याला वाचून दाखवणं थांबवू नये, याचं हे एक साधं कारण.

मौजेची वेळ

दुसरं कारण मोठं आहे. ऐकून समजण्याची ताकद वाचून समजण्याच्या ताकदीपेक्षा बरीच वर्षं पुढे असते, साधारण बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत. आठ वर्षांच्या मुलाला स्वतः वाचता येणारी पुस्तकं त्याच्या बुद्धीला बऱ्याचदा पोरकट वाटतात. भूक मोठी आणि हाताला येतं ते थोडं, अशी त्याची अवस्था असते. म्हणून वाचून दाखवायला त्याच्या वाचनाच्या पातळीपेक्षा एक-दोन वर्षं पुढचं पुस्तक घ्या. पंधरा मिनिटं वाचा आणि प्रकरण संपेल तिथे न थांबता, उत्सुकता ताणलेली असेल तिथे थांबा. पुस्तक हाताला येईल असं ठेवा. मूल पुढचं पान चोरून वाचत असेल, तर तुम्हाला ते दिसलंच नाही असं समजा.

मुलाच्या स्वतःच्या वाचनात तुमचे नियम शक्य तितके कमी. आवडलं नाही तर पुस्तक अर्धवट सोडायची मुभा द्या. मेहनती मुलांना ही परवानगी तोंडाने द्यावी लागते, नाहीतर ती कंटाळत का होईना, शेवटच्या पानापर्यंत जातात आणि पुढचं पुस्तक उचलताना कचरतात. तेच पुस्तक पाचव्यांदा वाचलं तरी चालेल. चित्रकथा, विनोद, खेळांची आकडेवारी, नकाशे, यंत्रांची माहिती हे सगळं वाचनच आहे. शेवटी ‘यातून काय शिकलास?’ किंवा ‘काय शिकलीस?’ हा प्रश्न नको. ‘पुढे काय झालं?’ हा चालेल, पण तुम्हाला खरोखर जाणून घ्यायचं असेल तरच.

विषयाची निवड मुलावर सोडण्यामागे भक्कम आधार आहे. 1988 मध्ये डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली या संशोधकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण खेळाची जाण असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. गोष्टीच्या पुस्तकात रेंगाळणारं मूल किड्यांवरचं पुस्तक सरसर वाचत असेल, तर किड्यांचीच पुस्तकं आणा. तिथून मिळालेला शब्दसंग्रह गोष्टींनाही उपयोगी पडतो.

या वेळेत तुम्ही काय करायचं? त्याच खोलीत आपलं पुस्तक वाचायचं. फोनवर वाचत असाल तरी मुलाला दिसतो तो फोनच, म्हणून छापील काहीतरी हाती घ्या.

कौतुक कुठे आणि किती

मुलाचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे. तो शब्दांत कसा उतरतो यावर बरंच अवलंबून असतं. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचे 1998 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. कोडी सोडवल्यावर काही मुलांच्या हुशारीची स्तुती केली गेली, काहींच्या कष्टाची. पुढे काय सोडवायचं हे निवडताना हुशार ठरवलेल्यांचा कल आपल्याला नक्की जमेल अशा कोड्यांकडे झुकला. अवघड कोड्यांवर अपयश आल्यावर त्यांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली. कष्टाची स्तुती झालेल्या मुलांनी उलट शिकायला मिळेल अशी कोडी निवडली आणि अपयशानंतरही ती टिकून राहिली.

याचा अर्थ दिवसभर ‘किती मेहनती बाळ आहे’ म्हणत राहायचं, असा नाही. तो ‘हुशार’सारखाच शिक्का आहे, आणि हा शिक्का बसलेल्या मुलाला आराम करणं गुन्हा वाटायला लागतं. कौतुक डोळ्यांनी पाहिलेल्या एका गोष्टीचं, एका वाक्यात, तिथल्या तिथे करा. ‘तो शब्द तू तुकडे करून वाचलास’ किंवा ‘वाचलीस’. ‘अर्थ लागेना तेव्हा मागची ओळ पुन्हा पाहिली गेली, मला दिसलं.’ ‘कालच्यापेक्षा आज पूर्णविरामाला थांबणं झालं.’ यातून मुलाला पुढच्या वेळी काय करायचं तेही कळतं.

नुसत्या प्रयत्नाचं कौतुक मात्र सांत्वनाला देऊ नका. ‘जमलं नाही, पण प्रयत्न केलास ना!’ यातून मुलाला ऐकू येतं की याला हे जमणारच नाही. प्रयत्नाची पोकळ स्तुती होऊ लागल्याबद्दल ड्वेक यांनीच 2015 मध्ये सावध केलं होतं. प्रयत्न फळत नसेल तर पद्धत बदला: उतारा छोटा करा, जोडीने वाचा, अक्षर मोठं असलेलं पुस्तक घ्या.

मौजेच्या वाचनाला तर शाबासकी आणि बक्षीस दोन्ही नकोत. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये चित्रं काढायची आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. बक्षीस अचानक मिळालेल्यांवर असा परिणाम झाला नाही. ‘दहा पुस्तकं वाचलीस तर खेळणं’ असा सौदा केला की मूल सर्वांत पातळ दहा पुस्तकं शोधतं, आणि ते शहाणपणाचंच आहे. ज्याला वाचनाचा मुळीच ओढा नाही त्याला सुरुवातीला थोडं आमिष दाखवलं तर बिघडत नाही, कारण मोडायला तिथे आवडच नसते. आधीच वाचणाऱ्या मुलाला मात्र ते दाखवू नका.

चारचौघांत अभिमान मिरवायचा असेल तर आधी मुलाला विचारा. पाहुण्यांसमोर ‘वाचून दाखव बरं’ हा प्रसंग लाजाळू मुलाला कित्येक महिने मागे नेऊ शकतो. भावंडांशी तुलना तर नकोच, त्यात जिंकणाऱ्याचंही नुकसान होतं: पुस्तक त्याच्या हातात पुढे राहण्यासाठी येतं. त्यापेक्षा दर दोन-तीन महिन्यांनी फोनवर एक मिनिटाचं वाचन रेकॉर्ड करा आणि तारीख घालून ठेवा. वर्षाने पहिलं आणि शेवटचं त्याला ऐकवा. तुम्हाला काही बोलावंच लागत नाही.

कष्ट करूनही वाचन सुधारत नसेल तर

हा भाग मेहनती मुलांच्या बाबतीत हमखास दुर्लक्षित होतो. ती पाठांतराने, ऐकून, चित्रं पाहून वेळ निभावून नेतात. सात-आठ वर्षांचं मूल काही महिने रोज नीट सराव करूनही एक-एक अक्षर जोडत वाचत असेल, काल दहादा वाचलेला शब्द आज नवा वाटत असेल, ऐकलेलं छान समजतं पण वाचलेलं समजत नसेल, किंवा घरात कुणाला वाचनाचा असा त्रास असेल, तर थांबू नका. आधी डोळे आणि कान तपासा, मग अध्ययन-अक्षमतेची चाचणी करून घ्या. डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचनाशी निगडित अध्ययन-अक्षमतेचा, बुद्धीशी संबंध नसतो आणि आळसाशीही नसतो. ‘आणखी मेहनत कर’ हा सल्ला अशा मुलाला सर्वांत क्रूर, कारण ते आधीच इतरांच्या दुप्पट राबत असतं. चाचणी होईपर्यंत मौजेचं वाचन कानांनी चालू ठेवा: पुस्तक समोर, वाचणारा आवाज तुमचा किंवा ऑडिओचा.

झोपेच्या बदल्यात वाचन नको, मग मूल कितीही रंगलेलं असो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. पांघरुणाखाली बॅटरी लावून चाललेलं वाचन पाहून ऊर भरून येतो हे खरं, पण दुसऱ्या दिवशीचा सराव त्यातच बुडतो. पुस्तक हिसकावू नका. ‘प्रकरण संपव आणि दिवा बंद’ एवढं पुरे. आणि शिक्षा म्हणून पुस्तक कधी काढूनही घेऊ नका, वाचायलाही बसवू नका.

बारा-तेराच्या पुढे अभ्यास वाढतो आणि पहिली कात्री मौजेच्या वाचनावर चालते, तीही बऱ्याचदा मुलाच्याच हाताने. तेव्हा वीसऐवजी दहा मिनिटं चालतील, पण त्या दहात अभ्यासाचं अवांतर पुस्तक शिरू देऊ नका. दोन-तीन पुस्तकं कुठेतरी दिसतील अशी ठेवा, त्यांतलं एक तुम्ही स्वतः अर्धं वाचलेलं असू द्या, आणि त्यांच्याबद्दल काही विचारू नका.