होमस्कूलमधून पब्लिक हायस्कूलकडे : ख्रिस्ती पालकांनी टाळायच्या चुका

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) अनेक कुटुंबांनी मुलांना आठवीपर्यंत घरीच शिकवलेले असते, आणि नववीच्या उंबरठ्यावर मूल सरकारी हायस्कूलमध्ये जाण्याची इच्छा व्यक्त करते. तरुण संघाचे काम माझ्याकडे असल्यामुळे हे पालक सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात, पण बहुतेक जण नको ते घडून गेल्यावर येतात. दरवर्षी त्याच त्या चुका पाहून मन विटले आहे, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत जास्त नुकसान होते ते मुलाला न विचारता परस्पर शाळेशी वाद घातल्याने. आमच्या परिचयातील एका वडिलांना मुलाच्या जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात उत्क्रांतीचे प्रकरण दिसले. पालकाने सही करून पत्र दिले की सदसद्विवेकबुद्धीच्या कारणावरून मुलाला त्या भागातून सूट मिळते, असे त्यांच्या कानांवर आले होते. न्यू जर्सीत तशी तरतूद आहे, पण ती आरोग्य, कौटुंबिक जीवन आणि लैंगिक शिक्षण यांपुरतीच आहे. जीवशास्त्राला ती लागू होत नाही. कायदा वाचण्याची तसदी न घेता ते पत्र घेऊन भर दुपारी शाळेच्या कार्यालयात गेले आणि तेथे आवाज चढला. जेवणाच्या सुटीत बाहेरून जाणाऱ्या मुलांनी सारे ऐकले. प्रयोगशाळेत नुकताच जोडीदार मिळालेला तो मुलगा त्यानंतर नाताळापर्यंत डबा घेऊन ग्रंथालयात बसू लागला, आणि घरी शाळेबद्दल विचारले की ‘ठीक आहे’ एवढेच सांगू लागला. तरुण संघात तो बोलला, तेव्हा कळले की परीक्षेत शिकवलेले लिहायचे आणि मनातल्या शंका पाळकसाहेबांना विचारायच्या, असे त्याने आधीच ठरवले होते. पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाविषयी त्याला खुद्द वडिलांनाच काही विचारायचे होते, पण त्या भांडणानंतर त्याने तो विषय घरात काढलाच नाही.

पवित्र शास्त्रातील दानीएल बाबेलात खास्द्यांची विद्या आणि भाषा शिकला. त्याने नाकारले ते राजाचे अन्न आणि द्राक्षारस, आणि तेही अधिकाऱ्याला विनंती करून, दहा दिवस पारखून पाहण्याचा पर्याय पुढे ठेवून. पालकांना मी दानीएलाच्या पुस्तकातील हा पहिला अध्याय पुन्हा वाचायला सांगते. नंतर मुलाला एकच प्रश्न विचारावा : ‘यात मी काही करावे असे तुला वाटते का?’ त्याने नको म्हटले, तर थांबावे. हो म्हटले, तर शिक्षकांना ईमेल त्याने स्वतः लिहावी आणि आपण ती पाठवण्यापूर्वी वाचावी. त्याने भागले नाही तर समुपदेशक, आणि प्राचार्य सर्वांत शेवटी. आरोग्याच्या विषयातून सूट हवी असेल, तर आधी अभ्यासक्रम पूर्ण वाचावा आणि नेमका कोणता भाग आपल्या विश्वासाशी विसंगत आहे, ते पत्रात लिहावे. इंटरनेटवरून उतरवलेले पत्र सही करून पाठवणारे पालक त्याच विषयात शिकवले जाणारे व्यसनांविषयीचे आणि प्रथमोपचारांचे धडेही मुलाच्या हातून घालवतात. मला ही घाई मुळीच पटत नाही.

कागदपत्रांबाबतची हयगय दिसायला किरकोळ असते, पण तिचा परिणाम चार वर्षे भोगावा लागतो. येथे घरी शिकवण्यासाठी राज्याला कळवावे लागत नाही, म्हणून पुष्कळ पालक कसलीच नोंद ठेवत नाहीत. हायस्कूलची पदविका मात्र किमान 120 क्रेडिटवर (पूर्ण केलेल्या अभ्यासाच्या एककांवर) मिळते, वर्षभराच्या एका विषयाला सहसा 5 क्रेडिट असतात, आणि घरी झालेला अभ्यास मानायचा की नाही हे त्या भागातील सरकारी शाळांचा कारभार पाहणारे स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट ठरवते. एका मुलीने घरी अल्जिब्रा 1 उत्तम पूर्ण केले होते, पण आईने सोडवलेल्या वह्या रद्दीत दिल्या आणि ऑगस्टच्या अखेरीस नाव नोंदवायला नेले. दाखवायला काहीच नसल्यामुळे मुलीला पुन्हा अल्जिब्रा 1 मध्येच बसवले गेले. नववीत जॉमेट्री असेल, तरच अल्जिब्रा 2 आणि प्रीकॅल्क्युलस यांच्या वाटेने बारावीत कॅल्क्युलस नेहमीच्या क्रमाने येते. अभियांत्रिकीची ओढ असलेल्या मुलीसाठी हा फरक लहान नव्हता. माझ्या मते प्रत्येक विषयासाठी एक फाइल असावी, तिच्यात पुस्तकाचे नाव, झालेली प्रकरणे, चाचण्या आणि निबंधांचे दोन-तीन नमुने असावेत, आणि ती घेऊन वसंत ऋतूतच समुपदेशकांना भेटावे, कारण पुढील वर्षाचे विषय तेव्हाच ठरत असतात. शक्य असेल तर नववीच्या आरंभीच जावे; दहावीत किंवा वर्षाच्या मध्यावर गेल्याने क्रेडिटचा हिशेब आणखी अवघड होतो.

प्रार्थनेविषयी तर दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. आमच्यापैकी कित्येक जण नगरच्या मिशन शाळांत शिकले, जेथे दिवस प्रार्थनेने सुरू होई, आणि सरकारी शाळाही तशीच असेल, किंवा तशी नाही म्हणजे ती विश्वासाची वैरी असेल, असे ते धरून चालतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये शासनाने रचलेली प्रार्थना आणि 1963 मध्ये शाळेने करवलेले पवित्र शास्त्राचे वाचन अवैध ठरवले. विद्यार्थ्याने डबा उघडून उपकारस्तुती करण्यावर किंवा दप्तरात पवित्र शास्त्र नेण्यावर त्यामुळे बंदी आलेली नाही. 1984 चा समान प्रवेश कायदा 1990 मध्ये न्यायालयाने उचलून धरला. त्यानुसार ज्या सरकारी हायस्कूलमध्ये अभ्यासक्रमाबाहेरचा एखादा विद्यार्थी-गट भरतो, तेथे पवित्र शास्त्राच्या अभ्यासाचा गटही भरू शकतो. मात्र तो विद्यार्थ्यांनी सुरू केलेला असावा लागतो, शिक्षक तेथे केवळ उपस्थित राहू शकतात, आणि बाहेरच्या व्यक्तीला तो चालवता किंवा त्याला नियमित हजेरी लावता येत नाही. त्यामुळे आईने आखलेला आणि मुलाच्या नावावर खपवलेला गट नियमात बसत नाही. मुलाला अशा गटाची इच्छा नसेल, तर तो विषय सोडून द्यावा. पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडून मित्रांना आपल्या विश्वासाची साक्ष देण्याची अपेक्षा ठेवणेही मला योग्य वाटत नाही. त्याला अजून वर्गखोल्या सापडत नसतात.

खेळाच्या संघात नाव देण्यापूर्वी रविवारचे वेळापत्रक प्रशिक्षकांना विचारावे. गुणांचे पोर्टल रोज उघडून पाहू नये. मूल गाडीत बसताच त्याची उलटतपासणी सुरू करू नये.

शेवटची चूक उतावीळपणाची आहे. ऑक्टोबरमध्ये मूल एकदा रडले, म्हणून त्याला शाळेतून काढणारे पालक मी पाहिले आहेत. होमस्कूलकडे परतणे येथे कायद्याने सोपे असले, तरी अर्धवट सोडलेल्या विषयांचे क्रेडिट मिळत नाही आणि नव्या ओळखी तेथेच तुटतात. निदान पहिले सत्र पूर्ण होऊ द्यावे. मात्र मुलाचा छळ होत असेल, तर एक दिवसही थांबू नये. 2011 मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या छळविरोधी कायद्यात धर्मावरून होणारा छळही येतो, प्रत्येक शाळेत त्यासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमलेली असते, आणि तक्रार कळल्यापासून शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू करणे प्राचार्यांवर बंधनकारक आहे. तक्रार लेखी द्यावी, तिच्यात तारीख, ठिकाण, उच्चारलेले शब्द आणि तेथे हजर असलेल्यांची नावे असावीत, आणि घडलेला प्रकार मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेला असावा.